रक्तातली चरबी पेशीत कशी शिरते?

खेडच्या स्वयंपाकघरात आमटीला ओला नारळ हवाच आणि फोडणीला तेलही. हे स्निग्ध पदार्थ पचल्यावर त्यांतला बराचसा भाग रक्तात पोहोचतो. तेल पाण्यात विरघळत नाही; म्हणून तो प्रथिनांचे आवरण असलेल्या सूक्ष्म थेंबांतून वाहतो. केशवाहिन्यांच्या भिंतीवरचे लायपोप्रोटीन लायपेज हे एन्झाइम त्यातून मेदाम्ले मोकळी करते. पेशीच्या पटलावरची सीडी३६ सारखी प्रथिने ती आत घ्यायला मदत करतात. स्नायू ती जाळून ऊर्जा मिळवतात, मेदपेशी साठवतात.

त्वचेखालची ही साठवण अपुरी पडली, की मेदाम्ले यकृतात आणि स्नायूंत साचतात. तिथे इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो आणि मधुमेहाचा धोका वाढतो. सडपातळ माणसांतही हे घडू शकते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी याज्ञिक यांची २१.२ टक्के, तर युडकिन यांची ९.१ टक्के. ही तुलना २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणून केवळ वजनकाट्यावर विसंबू नका. कंबरेचा घेर मोजा, रक्तातली साखरही तपासून घ्या.