माउथ ऑर्गन शिकायचाय? डायटॉनिक घ्यायचा की क्रोमॅटिक, ते आधी पेटीवरून समजून घ्या

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात पाळीत काम करणाऱ्या माणसाला गाण्याचा क्लास लावणं अवघड जातं. या आठवड्यात पहिली पाळी, पुढच्या आठवड्यात दुसरी, मग रात्रपाळी. संध्याकाळी सातचा क्लास महिन्यातले निम्मे दिवस बुडणार, हे आधीच ठरलेलं असतं. अशा वेळी खिशात मावणारा आणि सवड मिळेल तेव्हा वाजवता येणारा माउथ ऑर्गन सोयीचा वाटतो. तो ऑनलाइन मागवला जातो आणि व्हिडिओ बघून सुरुवात होते.

मुखडा येतो. अंतऱ्यात मात्र एक सूर काही केल्या सापडत नाही. फुंकून बघितलं, श्वास ओढून बघितलं, शेजारच्या भोकात बघितलं, तरी नाहीच. महिन्याभरात माउथ ऑर्गन कपाटात जातो आणि घेणारा म्हणतो, 'आपल्याला सुराचा कानच नाही.'

खरं तर सूर चुकतोय हे कळलं, म्हणजे कान शाबूत आहे. पुष्कळदा तो सूर त्या माउथ ऑर्गनमध्ये बसवलेलाच नसतो. म्हणून विकत घेण्याआधी डायटॉनिक आणि क्रोमॅटिक या दोन प्रकारांतला फरक कळणं गरजेचं आहे.

दुकानात काय काय मिळतं?

साधारण तीन प्रकार दिसतात. पहिला दहा भोकांचा छोटा डायटॉनिक. दुसरा लांबट, वर-खाली दोन रांगांत भोकं असलेला ट्रेमोलो. आपल्याकडे '२४ होल' म्हणून विकला जातो तो बहुधा हाच. यात प्रत्येक स्वराला दोन रीड असतात आणि त्या मुद्दाम किंचित वेगळ्या सुरात लावलेल्या असतात, त्यामुळे आवाजाला थरथर येते. दिसायला मोठा असला तरी स्वरांच्या हिशोबात तोही डायटॉनिकच. तिसरा क्रोमॅटिक. त्याच्या उजव्या टोकाला एक बटण असतं. बटण दिसलं नाही, तर तो क्रोमॅटिक नाही, एवढी खूण लक्षात ठेवली तरी पुरते.

पेटीवरून समजून घेऊ

देहू आणि आळंदी याच पट्ट्याला लागून आहेत. भजनी मंडळात पेटी न बघितलेला माणूस इथे विरळा. माउथ ऑर्गन आणि पेटी एकाच कुळातली वाद्यं आहेत. दोन्हींत हवेच्या झोताने पितळी रीड थरथरते आणि सूर निघतो. पेटीत हवा भात्याची, इथे फुप्फुसांची.

पेटीवर एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या, अशा बारा पट्ट्या असतात. आता काळ्या पट्ट्या काढून टाकलेली पेटी डोळ्यांसमोर आणा. 'सी'चा डायटॉनिक म्हणजे ती पेटी. पांढरी एक हा सा धरला, तर त्यात सातही शुद्ध स्वर मिळतात. कोमल रे, कोमल ग, तीव्र म, कोमल ध आणि कोमल नी हे पाच स्वर थेट मिळत नाहीत. क्रोमॅटिक म्हणजे काळ्या पट्ट्यांसकट पूर्ण पेटी. त्याचं बटण दाबलं की त्या भोकातला सूर अर्ध्या स्वराने चढतो.

भोकांची मांडणी

दहा भोकांच्या डायटॉनिकमध्ये २० रीड असतात. प्रत्येक भोकात एक सूर फुंकल्यावर आणि दुसरा श्वास ओढल्यावर वाजतो. मधलं सप्तक चौथ्या भोकापासून सुरू होतं. चौथ्यात फुंकला की सा, ओढला की रे. पाचव्यात ग आणि म, सहाव्यात प आणि ध. सातव्यात क्रम उलटतो. आधी ओढून नी, मग फुंकून सा. नवशिके इथेच अडखळतात.

खालच्या सप्तकात तर शुद्ध म आणि शुद्ध ध हे दोन स्वरही नाहीत. ही कारखान्यातली चूक नव्हे. हे वाद्य युरोपात लोकगीतांना साथ देण्यासाठी घडलं. जर्मनीतल्या ट्रोसिंगेन गावात माथियास होनर यांनी १८५७ मध्ये माउथ ऑर्गन बनवायला सुरुवात केली. त्यांच्या कंपनीचं 'मरीन बँड' हे मॉडेल १८९६ पासून आजपर्यंत बनतंय. त्या संगीतात दोन-तीन स्वर एकदम वाजवून भरणा करायचा असतो. खालच्या चार भोकांत एकत्र फुंकलं की सा-ग-प आणि ओढलं की प-नी-रे असे जुळे सूर निघावेत, यासाठी म आणि ध यांची जागा तिथे दिली गेली. आपल्या संगीतात चाल एका वेळी एकेका सुराने पुढे जाते, म्हणून ही उणीव आपल्याला जास्त जाणवते.

बारा भोकांच्या क्रोमॅटिकची मांडणी वेगळी आहे. दर चार भोकांत एक पूर्ण सप्तक, आणि तीन सप्तकांत तोच क्रम. बटण न दाबता एक आणि दाबून दुसरा, असे प्रत्येक भोकातून चार सूर निघतात. म्हणजे एकूण ४८ रीड. मधल्या सप्तकात बसलेली चाल खाली-वर जशीच्या तशी नेता येते.

काळ्या पट्ट्यांशिवाय किती काम भागतं?

वाटतं त्यापेक्षा बरंच. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी हिंदुस्थानी रागांची मांडणी दहा थाटांत केली. त्यातले सहा थाट नुसत्या पांढऱ्या पट्ट्यांवर निघतात. अट एकच, दर वेळी सा दुसऱ्या पट्टीवर धरायचा. आपल्याकडे मूर्च्छना म्हणतात त्याच जातीची ही युक्ती आहे.

'सी'च्या डायटॉनिकवर ते असं दिसतं:

पांढरी एकला सा (चौथं भोक, फुंकून): बिलावल
पांढरी दोनला सा (चौथं भोक, ओढून): काफी
पांढरी तीनला सा (पाचवं भोक, फुंकून): भैरवी
पांढरी चारला सा (पाचवं भोक, ओढून): कल्याण
पांढरी पाचला सा (सहावं भोक, फुंकून): खमाज
पांढरी सहाला सा (सहावं भोक, ओढून): आसावरी

प्रत्येक ठिकाणाहून एक पूर्ण सप्तक कोणतीही खास युक्ती न करता वाजतं. 'स्वयंवर' नाटकातलं 'नाथ हा माझा' हे पद यमनमधलं. पाचव्या भोकात श्वास ओढून सा धरला, तर यमनचे सगळे स्वर, तीव्र मध्यमासह, हाताशी येतात. तेच पद चौथ्या भोकातून सुरू करणारा तीव्र मध्यमाशी अडकतो आणि स्वतःला दोष देतो.

अर्थात थाटाचे स्वर मिळाले म्हणजे सगळी गाणी सुटली, असं नाही. यमनच्या अंगाच्या सुगम गाण्यात मध्येच शुद्ध मध्यम डोकावतो. मैफलीच्या शेवटची भैरवी तर बाराही स्वरांत फिरते. अशा जागी पांढऱ्या पट्ट्या अपुऱ्या पडतात.

उरलेले चार थाट

भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी हे चार थाट पांढऱ्या पट्ट्यांवर कुठूनही सुरुवात केली तरी निघत नाहीत. इथे डायटॉनिक वाजवणारे 'बेंडिंग' वापरतात. श्वास ओढताना जिभेची आणि तोंडाच्या पोकळीची ठेवण बदलली की सूर खाली वाकतो. चौथ्या भोकातला रे वाकवून कोमल रे मिळतो, सहाव्यातला ध वाकवून कोमल ध. भैरवला हेच दोन कोमल स्वर लागतात, त्यामुळे मधल्या सप्तकात तो बेंडिंगने जमतो.

पूर्वी, मारवा आणि तोडी या तिघांनाही तीव्र मध्यम लागतो. पांढरी एकला सा धरला, तर मधल्या सप्तकातला तीव्र मध्यम बेंडिंगने मिळत नाही. कोमल ग आणि कोमल नी यांचंही तसंच. त्यासाठी 'ओव्हरब्लो' नावाचं तंत्र आहे. अमेरिकी वादक हॉवर्ड लेव्ही यांनी त्याच्या बळावर साध्या डायटॉनिकवर बाराही स्वर वाजवून दाखवले. पण बेंडिंग सुरात बसायलाच महिने लागतात, ओव्हरब्लो त्याच्याही पुढचं. शिवाय ट्रेमोलोवर या युक्त्या चालत नाहीत. क्रोमॅटिकवर हेच काम बटणाने होतं. ज्या भोकात फुंकून सा वाजतो, तिथेच बटण दाबून फुंकलं की कोमल रे. प च्या भोकात तसंच केलं की कोमल ध.

मग क्रोमॅटिकच चांगला का?

स्वर मोजले तर हो. पण आपल्या संगीतात दोन स्वरांमधली वाटही महत्त्वाची असते. भैरवचा कोमल रे आंदोलित असतो, तो झुलतो. बटणाने सूर एका पायरीवरून दुसरीवर उडी मारतो. डायटॉनिकवर तो घसरत जातो, कारण बेंडिंगमध्ये अधलेमधले सगळे बिंदू येतात. मींडेच्या जवळ जाणारा आवाज छोट्या डायटॉनिकवर जास्त सहज निघतो. क्रोमॅटिकवरही सूर थोडा वाकवता येतो, पण तेवढा मोकळेपणाने नाही.

थोडक्यात, क्रोमॅटिकवर सगळे स्वर मिळतात आणि घसरण कमी. डायटॉनिकवर घसरण मिळते, पण काही स्वर कष्टाने कमवावे लागतात. स्टीव्ही वंडर आणि बेल्जियमचे टूट्स थिलमन्स यांनी क्रोमॅटिक निवडला, अमेरिकेतल्या ब्लूज वादकांनी मुख्यतः डायटॉनिक. आपल्या चित्रपट संगीतातही हे वाद्य रुजलं. 'सोलवा साल' (१९५८) मधल्या 'है अपना दिल तो आवारा' या गाण्यातला माउथ ऑर्गन आर. डी. बर्मन यांनी वाजवला होता, आणि 'शोले' (१९७५) मध्ये जय वाजवतो ती धून प्रत्यक्षात भानू गुप्ता यांची.

गायकाच्या पट्टीचं काय?

डायटॉनिक एका पट्टीपुरता असतो. गाणारा काळी एकमध्ये गात असेल, तर 'सी'चा डायटॉनिक साथीला फारसा उपयोगी नाही, काळी एकचा वेगळा घ्यावा लागतो. म्हणून डायटॉनिक वाजवणारे हळूहळू चार-पाच वाद्यं जमवतात. 'सी'च्या क्रोमॅटिकवर कोणतीही पट्टी वाजवता येते, मात्र प्रत्येक पट्टीची बोटांची आणि श्वासाची सवय वेगळी. काळी एक त्यातल्या त्यात सोपी, कारण बटण दाबूनच ठेवलं की पांढरी एकचा सगळा क्रम जसाच्या तसा काळी एकवर जातो.

खर्च आणि निगा

त्याच दर्जाचा क्रोमॅटिक डायटॉनिकच्या साधारण तीन-चारपट महाग पडतो. दुरुस्तीही नाजूक, कारण बहुतेक क्रोमॅटिकमध्ये हवा वाया जाऊ नये म्हणून रीडवर प्लास्टिकच्या बारीक झडपा असतात. डिसेंबरातल्या गार सकाळी वाजवायला घेतलं, तर श्वासाची वाफ आत जमून त्या झडपा चिकटतात. आधी पाच मिनिटं मुठीत किंवा खिशात धरून वाद्य कोमट करावं. लाकडी गाभ्याचं वाद्य पावसाळ्यात फुगू शकतं, म्हणून पहिलं घेताना प्लास्टिकच्या गाभ्याचं बरं. गोड चहा पिऊन थेट वाजवलं, तर साखर रीडवर बसते आणि सूर अडकतो. आधी चूळ भरावी. कारखान्यातून आल्यावर तेलाचे हात धुऊन मगच वाद्य हातात घ्यावं. वाजवून झाल्यावर तळहातावर झटकून ओल काढावी.

कोणी कोणता घ्यावा?

हौसेखातर सुरुवात करायची, खर्च कमी ठेवायचा आणि साध्या चालींची गाणी वाजवायची, तर दहा भोकांचा 'सी' डायटॉनिक. मात्र सा बदलण्याची वरची युक्ती पहिल्या महिन्यापासून शिकावी.

पेटी येत असेल, नाट्यगीतं आणि रागदारीच्या अंगाची गाणी वाजवायची असतील, किंवा गायकाला साथ करायची असेल, तर थेट क्रोमॅटिक. ज्याला पेटीवरच्या काळ्या पट्ट्यांची सवय आहे, त्याला बटणाचं कोडं लवकर सुटतं.

दोन्हींत पहिले काही आठवडे एकच काम असतं. शेजारचं भोक न वाजता एकच सूर स्वच्छ काढणं. रोज पंधरा मिनिटं, सावकाश, सरळ सूर आणि मग अलंकार. पाळी कोणतीही असली तरी एवढा वेळ निघतो.

आणि ज्यांचा माउथ ऑर्गन कपाटात पडून आहे, त्यांनी नवा घेण्याआधी तो एकदा बाहेर काढावा. चौथ्या भोकात फुंकून अडलेलं तेच गाणं पाचव्यात श्वास ओढून सुरू करून बघावं. यमनच्या अंगाचं असेल, तर हरवलेला सूर तिथे सापडण्याची बरीच शक्यता आहे.