देवी आली, पण कोणती?

भाद्रपदाची अमावास्या म्हणजे आमच्या मुळशीकडचा पोळा. बैलांना ओढ्यावर धुवायचे, शिंगे रंगवायची, पुरणपोळीचा घास भरवायचा आणि वाजतगाजत मिरवायचे. २०२२ साली मात्र आमच्या गावात ढोल वाजला नाही. बैल दावणीलाच पुजले गेले. कारण होते ‘लम्पी’.

त्याच दिवसांत आमच्या खोंडाने चारा टाकला. अंगात ताप, नाकाडोळ्यांतून पाणी. दोन दिवसांत मानेवर, पाठीवर सुपारीएवढ्या गाठी आल्या, पाय सुजले. मी तेव्हा अकरावीत होते. आजोबा म्हणाले, “देवी आली. सुई टोचायची नाही.” आजीने कडुलिंबाचा पाला बांधला. बाहेर कळले तर आपले दूध कोणी घेणार नाही, या भीतीने घरात कोणी वाच्यता केली नाही. असे चार दिवस गेले.

आता वाटते, आजोबांनी दिलेले नाव अगदीच चुकीचे नव्हते. लम्पीचा विषाणू खरोखरच देवीच्या विषाणूंच्या कुळातला आहे. शेळ्यामेंढ्यांच्या देवीचा विषाणू तर त्याचा सख्खा भाऊच. १९२९ साली आफ्रिकेतील आजच्या झांबिया देशात हा रोग प्रथम आढळला. भारतात तो २०१९ साली ओडिशात दिसला आणि २०२२ च्या पावसाळ्यात जळगावकडून महाराष्ट्रभर पसरला.

हा रोग पसरतो कसा? चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचीड आजारी जनावराचे रक्त पितात व निरोग्याला चावतात. गाठींच्या खपल्या, लाळ, एकच गव्हाण यांतूनही तो जातो. मुळशीचा पाऊस, ओला गोठा आणि दाराशीच शेणाचा ढीग म्हणजे माश्यांना आमंत्रणच! परंतु माशी फार दूर जात नाही. दूरच्या गावी रोग नेतो तो माणूस, आजारी जनावर बाजारात नेऊन. म्हणूनच त्या वर्षी जनावरांचे बाजार बंद ठेवले गेले. माणसाला हा रोग होत नाही. उकळलेल्या दुधाला भिण्याचे कारण नाही.

विषाणूवर थेट औषध नाही. ताप उतरवणे, जखमा चिघळू न देणे, एवढेच डॉक्टरांच्या हाती असते. खरा उपाय लस. गाईच्या देवीपासून माणसाची देवी रोखता येते, हे जेन्नरने १७९६ मध्ये दाखवले. १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झाले. इथे शेळीच्या देवीची लस गाईच्या कामी आली. खास लम्पीसाठीची देशी लसही २०२२ साली तयार झाली व तिच्या उत्पादनासाठी औंधच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेने त्याच डिसेंबरात करार केला. मात्र लस अंगी लागायला सुमारे तीन आठवडे लागतात. म्हणून ती रोग दारात येण्यापूर्वीच टोचायला हवी.

पाचव्या दिवशी वडिलांनीच सरकारी दवाखाना गाठला. खोंड वाचला, पाठीवर व्रण राहिले. पुढे शेजारच्या काकूंची दुभती गाय मात्र गेली. खड्ड्यात चुना टाकून तिला पुरले. सरकारने दुभत्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये मदत ठरवली होती. पण त्या गाईच्या दुधावर काकूंच्या मुलांच्या वह्या येत होत्या.

रोग आमच्याच गोठ्यातून गेला का, हे कोणीही सांगू शकणार नाही. काकूंनी कधी शब्दही काढला नाही. पण ते चार दिवस माझ्या मनातून जात नाहीत.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वाचकहो, तुमच्याही घरी गोठा असेल, तर एवढेच करा: गाठ दिसताच जनावर वेगळे बांधा, गोठा कोरडा ठेवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात कळवा. पुढे पाला बांधायचा तर खुशाल बांधा.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला