गॅरेजमध्ये एका सेल्फला चालू, रस्त्यावर मात्र बंद; गाडीचा असा प्रॉब्लेम शोधायचा कसा?

दुपारचे अडीच वाजलेत. पार्सल देऊन तुम्ही खाली येता, चावी फिरवता, सेल्फ मारता. "टक्". बस्स, तेवढाच आवाज. पुन्हा बटण दाबता. पुन्हा "टक्". उन्हात गाडी ढकलत गॅरेजपर्यंत नेता, मेकॅनिक बटण दाबतो आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू होते. वर तो तुमच्याकडे असा बघतो, की चूक तुमचीच आहे.

माझ्या मावसभावाचं दोन महिने हेच चाललं होतं. तो पुण्यात डिलिव्हरीचं काम करतो. त्याच्याकडे १२५ सीसीची, सहा वर्षं जुनी, फ्युएल इंजेक्शनची मोटरसायकल आहे. गाडी बंद म्हणजे त्या दिवसाची कमाई बंद. या दोन महिन्यांत त्याने नवी बॅटरी टाकली, प्लग बदलला, सेल्फची मोटर खोलून साफ करून घेतली. प्रत्येक वेळी गाडी चालू झाली आणि प्रत्येक वेळी काही दिवसांनी पुन्हा अडली. शेवटी त्याचा मेसेज आला, "ताई, विकून टाकू का?"

गाडी विकावी लागली नाही. बिघाड होता एका नटाचा. पण तो सापडला कसा, हे समजून घेण्यासारखं आहे. कारण तुमच्या गाडीत बिघाड वेगळा असला तरी शोधायची पद्धत हीच लागते.

मुळात असा बिघाड सापडत का नाही?

पार्ट पूर्ण बिघडला तर शोधणं सोपं असतं. फ्यूज उडाला, दिसला, बदलला, विषय संपला. पण अधूनमधून येणारा बिघाड बहुतेक वेळा एखाद्या अर्धवट जोडणीत असतो. गंजलेलं टर्मिनल, सैल नट, आतून तुटत आलेली वायर, पाणी शिरलेला स्विच. इंजिन तापलं, गाडी हादरली, पाऊस पडला की जोडणी सुटते. गाडी थंड झाली किंवा कुणी हलवली की पुन्हा जुळते.

खरी गंमत इथेच आहे. अशा गाडीवर केलेली प्रत्येक दुरुस्ती सुरुवातीला बरोबरच वाटते. बॅटरी बदलताना वायर हलते, टर्मिनल घट्ट होतं आणि गाडी पंधरा दिवस चालते. आपण म्हणतो, बॅटरीच गेली होती. पंधरा दिवसांनी गाडी अडली की म्हणतो, आता काहीतरी नवीन झालं. प्रत्यक्षात जुनाच बिघाड परत आलेला असतो.

म्हणून पहिला नियम : गाडी चालू झाली म्हणजे दुरुस्त झाली असं नाही. बिघाड तपासायचा तो गाडी अडलेली असताना. ती चालू झाली की पुरावा गेला.

पहिला प्रश्न : इंजिन फिरतंय का?

"गाडी चालू होत नाही" या एका वाक्यात दोन वेगळे आजार लपलेले असतात. पहिल्यात सेल्फ मारल्यावर इंजिन फिरतच नाही. दुसऱ्यात इंजिन फिरतं, पण पकडत नाही. पहिला प्रकार बॅटरी, वायर, स्विच, रिले आणि सेल्फच्या मोटरचा. दुसरा पेट्रोल, हवा आणि ठिणगीचा. कुठला आहे हे न बघता पार्ट बदलत गेलात, तर खिसा रिकामा होतो आणि बिघाड जागेवर राहतो.

भावाच्या केसमध्ये इंजिन फिरतच नव्हतं. म्हणजे प्लग बदलण्याचा संबंधच नव्हता. प्लगचं काम इंजिन फिरायला लागल्यानंतर सुरू होतं.

इंजिन फिरत नसेल, तर आवाज ऐका

बटण दाबल्यावर काय ऐकू येतं, यावरून बरंच कळतं.

काहीच आवाज नाही : बटणाचा सिग्नल रिलेपर्यंत पोहोचत नाहीये. आधी साध्या गोष्टी बघा. लाल किल स्विच चुकून बंद झालाय का? गाडी न्यूट्रलला आहे का आणि न्यूट्रलचा दिवा लागतोय का? साइड स्टँड पूर्ण वर गेलाय का? आताच्या बऱ्याच गाड्यांत साइड स्टँडला आणि क्लचला छोटे स्विच असतात. त्यात चिखल किंवा पाणी गेलं, की गाडीला वाटतं स्टँड खालीच आहे आणि ती सेल्फ घेत नाही. क्लच पूर्ण दाबून, स्टँड दोन-तीनदा वर-खाली करून बघा. तेवढ्याने गाडी चालू झाली, तर संशयित सापडला.

टक-टक-टक असा भराभर आवाज, दिवेही मंद : हे बहुतेक वेळा कमजोर बॅटरीचं लक्षण. सैल टर्मिनलमुळेही असं होतं.

एकदाच "टक्" : रिले काम करतोय, पण मोटरपर्यंत पुरेसा करंट जात नाहीये किंवा मोटर अडकली आहे. अशा वेळी मीटरच्या दिव्यांकडे बघा. बटण दाबल्यावर ते एकदम मंद होतात, की तसेच लख्ख राहतात?

भावाला मी हेच बघायला सांगितलं. पुढच्या वेळी गाडी अडली तेव्हा त्याने मोबाइलवर व्हिडिओ काढला. एकच "टक्" आणि दिवे लख्ख.

बॅटरीला दोष देण्याआधी हे आकडे बघा

साधा डिजिटल मल्टीमीटर काही शे रुपयांत मिळतो. तो डीसी व्होल्टवर, २० च्या रेंजला ठेवा आणि बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलला त्याच्या पिना लावा.

- गाडी काही तास बंद असताना चांगल्या चार्ज बॅटरीवर साधारण १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसतात. १२.२ च्या खाली आकडा असेल, तर बॅटरी बरीच उतरली आहे.
- सेल्फ मारताना आकडा खाली येणारच. पण तो साधारण ९.५ च्याही खाली गेला, तर बॅटरीवर संशय घ्यायला हरकत नाही.
- इंजिन चालू करून थोडी रेस दिल्यावर साधारण १३.५ ते १४.५ दिसायला हवेत. आकडा १२ च्या आसपासच राहिला, तर बॅटरी चार्जच होत नाहीये. मग नवी बॅटरी टाकली तरी तीही उतरणार.

एक गोष्ट लक्षात ठेवा. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना इंजिन चालू असेपर्यंत हेडलाइट चालूच ठेवावा लागतो. त्यात दर दोन किलोमीटरला थांबून पुन्हा सेल्फ मारायचा, म्हणजे खर्च जास्त आणि चार्जिंगला वेळ कमी. डिलिव्हरीच्या गाड्यांची बॅटरी लवकर थकते, त्याचं हे एक कारण आहे.

पण भावाच्या गाडीची गोष्ट वेगळी निघाली. आमच्या चौकात गाड्यांची वायरिंग करणारे एक काका आहेत. भावाने व्हिडिओ दाखवल्यावर ते म्हणाले, "अडली की फोन कर. ढकलत आणू नकोस, तिथेच ठेव." दोन दिवसांनी गाडी अडली आणि काका मीटर घेऊन पोहोचले. बॅटरीवर १२.६ व्होल्ट होते. सेल्फ दाबला तरी आकडा जेमतेम १२.४ वर आला.

इथे अनेक जण फसतात. आकडा पडला नाही म्हणजे सगळं छान, असं वाटतं. पण सेल्फची मोटर भरपूर करंट खेचते, त्यामुळे आकडा पडायलाच हवा. तो पडला नाही, याचा अर्थ बॅटरी द्यायला तयार आहे, पण वाटेत कुणीतरी अडवतंय.

मग काकांनी मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला लावली, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला, आणि सेल्फ दाबायला सांगितला. या दोन जागा एकाच जाड वायरने जोडलेल्या असतात. त्यामुळे मीटरवर जवळपास शून्य दिसायला हवं, फार तर ०.२-०.३ व्होल्ट. दिसले ११ च्या आसपास. म्हणजे बॅटरीची जवळजवळ सगळी ताकद त्या एका जोडणीतच खर्च होत होती.

इंजिनला ही अर्थची वायर जिथे आवळलेली होती, तो नट सैल होता आणि खाली गंज चढला होता. काकांनी बॅटरीची वायर काढली, नट खोलला, पॉलिश पेपरने जागा घासून चकचकीत केली, नट आवळला, वरून ग्रीस लावलं. पंधरा मिनिटांचं काम.

इंजिन फिरतं, पण पकडत नाही?

आता दुसरा आजार. इथे बिघाड केव्हा येतो, हा सगळ्यात मोठा धागा.

सकाळी थंड असताना त्रास : कार्बोरेटरच्या गाडीत आधी चोक आणि पेट्रोल कॉक बघा. गाडी बरेच दिवस उभी असेल, तर कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये कचरा अडकतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि बहुतेक नव्या मोटरसायकली फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या. या गाड्यांत चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद पेट्रोल पंपाची बारीक घरघर ऐकू येते. गाडी अडलेली असताना ती घरघरही गायब असेल, तर पंप, त्याचा फ्यूज किंवा वायरिंग तपासायला सांगा. इंजिनचा पिवळा दिवा लागून राहिला असेल, तर गाडीच्या कॉम्प्युटरने बिघाडाचा कोड नोंदवलेला असतो. तो वाचून घ्या.

गाडी तापल्यावर बंद, अर्ध्या तासाने आपोआप ठीक : इग्निशन कॉइल किंवा पल्सर कॉइल तापली की आतून तुटते आणि थंड झाली की जुळते, असं होऊ शकतं. व्हॉल्व्हचं सेटिंग जास्त टाइट असेल, तरीही तापलेली गाडी चालू व्हायला त्रास देते.

टाकीचं झाकण उघडल्यावर गाडी चालू होते : झाकण उघडताना "फुस्स" असा आवाज येत असेल, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. टाकीत हवा जात नाही म्हणून पेट्रोल खाली उतरत नाही.

पावसात किंवा गाडी धुतल्यावर त्रास : प्लगची कॅप, तिची जाड वायर, किल स्विच आणि वायरिंगचे जोड तपासा.

पेट्रोल की ठिणगी, हे ठरत नसेल तर इंजिन जरा थंड होऊ द्या आणि प्लग काढा. बराच वेळ सेल्फ मारूनही प्लग कोरडा असेल, तर पेट्रोल पोहोचत नाहीये. ओला असेल, तर पेट्रोल येतंय आणि ठिणगीवर संशय जातो.

गॅरेजला जाताना हे घेऊन जा

मेकॅनिकला गाडी मिळते तेव्हा ती बहुतेक चालू स्थितीत असते. त्याने अंदाजाने पार्ट बदलू नयेत असं वाटत असेल, तर त्याला पुरावा द्या. मोबाइलमध्ये प्रत्येक वेळी एवढंच लिहा : तारीख आणि वेळ, इंजिन गरम की थंड, किती किलोमीटर चालली होती, पाऊस होता का, इंजिन फिरलं का, आवाज कसा होता, दिवे मंद झाले का, आणि शेवटी काय केल्यावर चालू झाली. सोबत दहा सेकंदांचा व्हिडिओ. चार-पाच नोंदी झाल्या की बिघाडाचा स्वभाव दिसायला लागतो.

आणखी एक, एका वेळी एकच गोष्ट बदला. बॅटरी, प्लग आणि रिले एकदम बदलले तर गाडी कशामुळे सुधारली, हे कधीच कळणार नाही.

हे मात्र करू नका

- सेल्फ सलग पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका. मध्ये दहा-पंधरा सेकंद थांबा, नाहीतर मोटर तापते आणि बॅटरी उतरते.
- स्क्रू ड्रायव्हरने रिलेची दोन टोकं जोडून गाडी चालू करू नका. मोठी ठिणगी उडते आणि गाडी गिअरमध्ये असेल तर अंगावर येऊ शकते.
- बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह वायर काढा, लावताना ती शेवटी लावा.
- धक्का स्टार्टवर फार विसंबू नका. इंजेक्शनच्या गाडीत पंपाला आणि कॉम्प्युटरला वीज लागते. बॅटरी पूर्ण उतरली असेल, तर कितीही ढकलली तरी गाडी चालू होईलच असं नाही.

मग गाडी दुरुस्त झाली, हे ठरवायचं कसं?

नट आवळल्यावर गाडी लगेच चालू झाली. भाऊ खूश होऊन निघणार, तेवढ्यात काकांनी त्याला थांबवलं. "चालू तर ती प्रत्येक वेळी व्हायचीच की." त्यांनी मीटर पुन्हा त्याच दोन जागी लावला आणि सेल्फ दाबायला सांगितला. मघाशी ११ दाखवणारा आकडा आता ०.२ वर होता.

त्यानंतर पूर्ण पावसाळा गेला, गाडी एकदाही अडलेली नाही. जुनी बॅटरी मात्र बदलीत जमा झाली होती. ती बहुधा चांगलीच होती.