जुगाराचं अर्थकारण, लेखांक ५ : पाठवलेल्या खेळाडूची किंमत

गेल्या आठवड्यात आपण ऑनलाइन कॅसिनोंकडे गिऱ्हाईक वळवणाऱ्या मध्यस्थांची, म्हणजे अ‍ॅफिलिएटांची, ओळख करून घेतली. कॅसिनोंची तुलना करणारी संकेतस्थळं, बोनसच्या याद्या, टिप्स देणारी चॅनेलं ही त्यांची दुकानं. तिथल्या लिंकवरून कुणी खातं उघडून पहिल्यांदा पैसे भरले की तो खेळाडू त्या मध्यस्थाच्या नावावर नोंदला जातो. मोबदल्याचे मुख्य प्रकार दोन. एक तर प्रत्येक खेळाडूमागे ठरावीक रक्कम, एकदाच. नाहीतर तो खेळत राहील तोवर त्याच्याकडून मिळणाऱ्या निव्वळ उत्पन्नातला हिस्सा. यातलं काय पत्करावं हे ठरवण्यासाठी मध्यस्थाला एक अंदाज बांधावा लागतो : हा माणूस किती काळ खेळेल आणि एकूण किती हरेल? या अंदाजाला धंद्यात ‘लाइफटाइम व्हॅल्यू’ किंवा एलटीव्ही म्हणतात.

आजची उदाहरणं ब्रिटनमधली आहेत, कारण हा धंदा तिथे कायदेशीर आहे आणि त्याचे नियम उघड आहेत. भारतात २०२५च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. त्यांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तरीही परदेशी कॅसिनोंच्या लिंका टेलिग्रामवर फिरत असतात. आपल्या फोनवर येणाऱ्या लिंकमागे कुणाचा काय हिशेब असतो, हे मराठी वाचकाला ठाऊक असायला हवं.

खेळाडूने भरलेली रक्कम म्हणजे कंपनीचं उत्पन्न नव्हे. एका शून्याच्या युरोपीय रूलेटमध्ये ३७ घरं असतात आणि लावलेल्या रकमेपैकी सरासरी २.७ टक्के कॅसिनोकडे राहतात. कुणी १०० पौंड भरून, जिंकलेले पैसे पुन्हा पुन्हा लावत १,००० पौंडांचे डाव खेळला, तर कॅसिनोला सरासरी २७ पौंड मिळतात. त्यातूनही बोनस, पैसे भरण्या-काढण्याचं शुल्क, खेळ पुरवणाऱ्या कंपनीचा वाटा आणि कर वजा होतो. ब्रिटनमध्ये ऑनलाइन कॅसिनोवरचा कर एप्रिल २०१९पासून २१ टक्के होता. नोव्हेंबर २०२५च्या अर्थसंकल्पात तो एप्रिल २०२६पासून ४० टक्के करण्याचं जाहीर झालं. म्हणजे १०० पौंडांमागे कर भरून ७९ उरत होते, तिथे ६० उरणार. जुन्या दराने बांधलेला प्रत्येक अंदाज एका घोषणेने चुकीचा ठरला.

आता काळाचा प्रश्न. सोयीसाठी काल्पनिक आकडे घेऊ. एका महिन्यात १०० नवे खेळाडू पाठवले. दुसऱ्या महिन्यात त्यांतले ४० खेळत होते, तिसऱ्यात २५, मग १९, १६ आणि सहाव्या महिन्यात १४. खेळणाऱ्या प्रत्येकाकडून महिन्याला सरासरी ४० पौंड निव्वळ उत्पन्न मिळतं असं धरू. नवखा हिशेबनीस पहिल्या महिन्याची ६० टक्के गळती पाहतो, हीच गळती कायम राहील असं मानतो आणि ४० भागिले ०.६ करून खेळाडूचं आयुष्यभराचं मूल्य ६७ पौंड असं सांगतो. प्रत्यक्षात सहा महिन्यांतच खेळाडू-महिन्यांची बेरीज २१४ होते. त्यांना ४० ने गुणून १०० ने भागलं की दरडोई ८५.६० पौंड येतात, आणि १४ जण अजून खेळतच आहेत.

चूक कुठे झाली? गळतीचा दर महिन्यागणिक खाली आला. पहिल्यांदा ६० टक्के गेले, पुढच्या महिन्यात ३८ टक्के, त्यापुढे २४. याचा अर्थ प्रत्येक खेळाडूची खेळाची ओढ वाढत गेली असा लावायची गरज नाही. पीठ चाळताना बारीक आधी खाली जातं आणि चाळणीत जाडसर उरतं, तसं हे आहे. बोनसपुरते आलेले, कंटाळलेले, वेळीच सावध झालेले आधी निघून जातात. उरतात ते मुळातच न सोडणारे. पीटर फेडर आणि ब्रूस हार्डी या संशोधकांनी २००७ मध्ये नेमका हाच विचार एका साध्या सूत्रात मांडला : प्रत्येक ग्राहकाची सोडून जाण्याची शक्यता वेगळी धरा, म्हणजे घटत जाणारी गळती आपोआप उलगडते. म्हणून अनुभवी मध्यस्थ सगळ्या खेळाडूंची एकच सरासरी काढत नाही. जानेवारीची तुकडी वेगळी, फेब्रुवारीची वेगळी ठेवून तो प्रत्येकीचा उतार पाहतो.

३० टक्के हिस्सा धरला तर या तुकडीतून मध्यस्थाला सहा महिन्यांत दरडोई २५.६८ पौंड मिळतात. समोर एकरकमी ३० पौंडांचा देकार असेल, तर हिस्सा घेणारा माणूस सातव्या महिन्यापासून पुढच्या उत्पन्नावर भिस्त ठेवत असतो. त्या वाटेवर खाचखळगे आहेत. एखाद्या खेळाडूने मोठी रक्कम जिंकली की त्या महिन्याचा हिशेब उणे होतो, आणि काही करारांत ही उणे बाकी पुढच्या महिन्यांवर ओढली जाते. कंपनी योजनाच गुंडाळू शकते. स्काय बेटने २०१७ मध्ये ब्रिटनमधली आपली अ‍ॅफिलिएट योजना बंद केली होती.

पण मला सर्वांत जास्त खटकते ती ८५.६० ही सरासरी. त्या शंभरांत सरासरीएवढा हरणारा खेळाडू शोधायला गेलात तर कदाचित एकही सापडणार नाही. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीने जुलै २०२०च्या अहवालात लिहिलं होतं की जुगार उद्योगाचा ६० टक्के नफा ५ टक्के ग्राहकांकडून येतो, आणि हे ग्राहक जुगाराच्या विळख्यात सापडलेले किंवा त्या वाटेवरचे असतात. हेच प्रमाण आपल्या तुकडीला लावून पाहू. एकूण ८,५६० पौंडांपैकी ५,१३६ पाच जणांचे, म्हणजे प्रत्येकी सुमारे १,०२७. उरलेल्या ९५ जणांचे प्रत्येकी ३६. त्या पाचांपैकी दोघे तुकडीत आलेच नसते, तर दरडोई आकडा ८६ वरून ६६ वर घसरला असता. म्हणून शंभर खेळाडूंच्या नोंदींवरून केलेलं भाकीत फार डळमळीत असतं. मूल्य किती निघणार हे त्या चार-पाच जणांवर ठरतं, आणि चाळणीत शेवटी उरणाऱ्यांत तेच असण्याची शक्यता जास्त.

इथे हिशेब माणसापर्यंत येऊन पोचतो. ब्रिटनमध्ये गॅमस्टॉप नावाची मोफत योजना आहे. तिथे नाव नोंदवलं की परवानाधारक ऑनलाइन जुगार कंपन्यांनी त्या व्यक्तीला निवडलेल्या मुदतीसाठी, सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं, खेळू द्यायचं नाही. ३१ मार्च २०२० पासून अशा सर्व कंपन्यांना या योजनेत सामील होणं बंधनकारक झालं. एखादी बाई रात्री उशिरा, घर वाचवायचं म्हणून, स्वतःचं नाव तिथे घालते, तेव्हा तिला पाठवणाऱ्याच्या तक्त्यात तिची नोंद गळतीत होते आणि तिचं पुढचं मूल्य शून्य धरलं जातं. गॅमस्टॉपच्या बाहेरच्या कॅसिनोंच्या याद्या देणारी संकेतस्थळंही आहेत. ज्यांनी स्वतःहून दार लावून घेतलं त्यांच्यापर्यंत पोचायचा हा मार्ग आहे. ही माणसं सर्वाधिक हरणाऱ्यांतली असण्याची शक्यता मोठी, म्हणूनच त्यांच्यामागे लागणं एलटीव्हीच्या तक्त्यात फायद्याचं दिसतं. हे मला अक्षम्य वाटतं.

नियमांचा रोख आता या टोकाकडे वळला आहे. ९ एप्रिल २०२५ पासून ब्रिटनमध्ये ऑनलाइन स्लॉटच्या एका फेरीत ५ पौंडांपेक्षा जास्त लावता येत नाहीत. १८ ते २४ वयोगटासाठी ही मर्यादा २१ मेपासून २ पौंड झाली. महिन्याला दहा-वीस पौंडांत खेळणाऱ्याला हे जाणवणारही नाही, पण वरच्या पाच जणांकडून येणारी रक्कम घटू शकते आणि तिच्याबरोबर सरासरीही.

मध्यस्थाने आणि त्याच्याशी करार करणाऱ्या कंपनीने एलटीव्हीचे दोन आकडे शेजारी-शेजारी मांडावेत, असं माझं म्हणणं आहे : एक सगळ्यांचा आणि एक वरचे पाच टक्के वगळून. आपल्या उदाहरणात दुसरा आकडा ३६ पौंड आहे आणि त्यातला मध्यस्थाचा हिस्सा १०.८० पौंड. एक खेळाडू आणायला जाहिरातीवर १५ पौंड खर्च होत असतील, तर त्या ९५ जणांवर त्याचे सहा महिन्यांत दरडोई ४.२० पौंड अंगावर येतात.