छोटा सर्व्हर आणि मोजके लेखन

वार्षिक अहवालात नव्या यंत्रसामग्रीचा उल्लेख नेहमीच होतो. या वर्षी मात्र रुग्णांच्या दृष्टीस कधीही न पडणाऱ्या एका छोट्या संगणकाविषयी विश्वस्त, देणगीदार व हितचिंतक यांना माहिती देणे आम्हांस आवश्यक वाटते. हा सर्व्हर रुग्णालयाच्या अंतर्गत जाळ्यातील प्रत्येक संगणकाला त्याचा पत्ता देतो. तो बंद असेल, तर सकाळी सुरू केलेले केसपेपर खिडकीवरील व औषधालयातील संगणक मुख्य सर्व्हरपर्यंत पोहोचू शकत नाहीत.

विजेची व पैशाची बचत व्हावी म्हणून आम्ही या यंत्रात हार्ड डिस्क न बसविता साध्या मेमरी कार्डवर लिनक्स प्रणाली ठेवली. काही महिन्यांतच ते कार्ड निकामी झाले. त्या सकाळी बाह्यरुग्ण विभागाची नोंदणी हाताने करावी लागली व वयोवृद्ध रुग्णांना ताटकळावे लागले. दोष कार्डाचा नव्हता. आमच्या मांडणीचा होता.

फ्लॅश स्मृतीचे वाचन पानापानाने होते. परंतु लिहिलेले पान पुन्हा वापरावयाचे, तर अनेक पानांचा संपूर्ण गठ्ठा पुसावा लागतो. प्रत्येक वेळी पुसताना पेशींची थोडी झीज होते. एका पेशीत एकच बिट साठविणाऱ्या महाग प्रकारात पुसण्याची मर्यादा सुमारे १ लाख वेळा असते. तीन बिट साठविणाऱ्या स्वस्त प्रकारात ती साधारण १ ते ३ हजार इतकीच असते. झीज सर्वत्र सारखी व्हावी म्हणून कार्डातील नियंत्रक मजकुराची जागा आपणहून बदलत असतो. नेमकी त्याच क्षणी वीज गेली, तर आपण हात न लावलेला मजकूरही बिघडू शकतो. आमची प्रणाली रात्रंदिवस बारीकसारीक नोंदी कार्डावर लिहीत होती.

यावरचा उपाय हिशेबनीसास परिचित आहे: कच्ची वही वेगळी, पक्की वही वेगळी. आता आम्ही अल्पाइन लिनक्स ही आटोपशीर प्रणाली वापरतो. यंत्र सुरू होताना ती कार्डावरून वाचली जाते व त्यानंतर संपूर्णपणे रॅममध्ये चालते. रॅम ही आमची कच्ची वही होय. मांडणीत केलेला बदल पक्क्या वहीत, म्हणजे कार्डावर, जावा यासाठी ‘एलबीयू कमिट’ ही आज्ञा मुद्दाम द्यावी लागते. एरवी कार्डावर काहीही लिहिले जात नाही, त्यामुळे अचानक वीज गेली तरी प्रणाली बिघडण्याचा धोका बहुतांशी टळतो.

या पद्धतीची किंमतही आहे. वीज जाताच रॅममधील नोंदी पुसल्या जातात. बिघाडाचे कारण शोधताना त्याच नोंदी हव्या असतात, म्हणून त्या जाळ्यावरून मुख्य सर्व्हरकडे पाठविल्या जातात. सुरक्षाविषयक सुधारणा करून आज्ञा देण्याचे विसरल्यास पुढील वेळी यंत्र जुन्याच स्थितीत सुरू होते. यास्तव प्रत्येक बदलाची नोंद वहीत सहीनिशी केली जाते. रुग्णांची माहिती तर या कार्डावर कधीही ठेवली जात नाही. तिचे स्थान मुख्य सर्व्हरवर असून तिची प्रत स्वतंत्रपणे घेतली जाते.

तरीही कोणतेही कार्ड कधी ना कधी निकामी होणारच, हे आम्ही गृहीत धरले आहे. तंतोतंत त्याच मजकुराचे राखीव कार्ड कुलपात असते. दर तिमाहीस ते यंत्रात घालून, यंत्र त्यावर खरोखर सुरू होते किंवा नाही हे पाहिले जाते. न तपासलेली प्रत ही न वटविलेल्या धनादेशासारखी असते; हाती पैसा आला असे तिच्या भरवशावर म्हणता येत नाही.

या व्यवस्थेस खर्च अत्यल्प आला. शिस्त मात्र पुष्कळ लागली. देणगीच्या प्रत्येक रुपयाचा विनियोग रुग्णसेवेसाठी व्हावा, या आपल्या अपेक्षेस ती धरून आहे, असे आम्ही नम्रपणे नमूद करतो.