गाडीचे घोडे आणि घरचा लगाम

इचलकरंजीच्या बाईला हॉर्सपॉवर हा शब्द शिकवावा लागत नाही. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला, आणि पुढे मागांबरोबर हा शब्दही घराघरांत शिरला. मागांचा जोडभार २७ हॉर्सपॉवरच्या आत की बाहेर, यावर विजेची सवलत ठरते. ते बिल फाईलला लावून ठेवणाऱ्या बहुतेक आपणच. पण तोच शब्द मुलाच्या तोंडून गाडीसाठी आला, की आपण 'ते पुरुषांचं काम' म्हणून स्वयंपाकघरात वळतो. मैत्रिणींनो, या वेळी वळू नका.

आमच्याकडे हे दिवाळीत घडलं. टर्बो पेट्रोल गाडी, दोन वर्षांची, हप्ते अजून चालू. चिरंजीव एका ट्यूनिंगच्या दुकानाचा कागद घेऊन आले. १२० हॉर्सपॉवरचे १५० करून मिळतील, खर्च ३५,००० रुपये, काम एका दुपारचं. वर म्हणतो कसा, "एक नटसुद्धा बदलत नाहीत गं आई!"

"मग पैसे कशाचे रे?" मी विचारलं. त्याचं उत्तर समजून घ्यायला दोन दिवस गेले. ते तुम्हालाही सांगते.

चुलीत फुंकणीनं वारा घातला की जाळ कसा धडधडतो, ते आठवा. टर्बो म्हणजे इंजिनाची फुंकणी. धुराड्यातून बाहेर पडणारा गरम धूर एक चक्र फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचा पंखा बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो. हे चक्र मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतं! जास्त हवा, म्हणून जास्त पेट्रोल जाळता येतं, म्हणून जास्त ताकद. स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली याचं पेटंट घेतलं.

किती हवा, किती पेट्रोल, ठिणगी केव्हा, हे गाडीतला छोटा संगणक ठरवतो. कंपनी त्यात थोडं हातचं राखून ठेवते. कुठे पेट्रोल हलकं मिळेल, कुठे मे महिन्याची काहिली, कुठे घाट. शिवाय धुराचे नियम आणि इंजिनाचं आयुष्य. ट्यूनिंगवाला या संगणकातले आकडे बदलतो आणि ते हातचं वापरायला काढतो. टर्बो गाडीत एवढ्यानंच ताकद वीस-पंचवीस टक्के वाढू शकते. म्हणजे त्यात खोटं काही नाही. फक्त डब्यात अडीअडचणीला ठेवलेले पैसे सणाला खर्च करावेत, तसा हा प्रकार.

ताकद वाढली तरी क्लच, गिअरबॉक्स, ब्रेक आणि टायर जुन्याच हिशेबाचे राहतात. क्लच लवकर झिजतो, उष्णता वाढते, हलकं पेट्रोल पडलं तर इंजिन ठोके देऊ लागतं. आणि मलाबादे चौकातल्या गर्दीत १५० घोडे धावणार तरी कुठे?

मग मी कपाट उघडलं आणि कागद काढले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं ठरवलेल्या आणि आर. सी. त नोंदलेल्या तपशिलात मालकानं फरक करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. रंग बदलणं किंवा गॅसकिट बसवणं रीतसर नोंद करून चालतं; हे तसं नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही होऊ शकतं. आणि हे कोणाला? मालकाला. आमच्या आर. सी. वर नाव कोणाचं होतं ठाऊक आहे? माझं!

विम्याचंही तेच. कंपनीला न कळवता बदल केला आणि अपघात झाला, तर आपल्या गाडीची भरपाई अडू शकते. वॉरंटीचा दावाही नाकारला जाऊ शकतो. हप्ते मात्र चालूच राहणार.

मी मुलाला ओरडले नाही. आर. सी. त्याच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, "या गाडीतून तुझी बायको आणि सोनुली रोज जातात. आता तू सांग." तो बराच वेळ गप्प होता. शेवटी त्या पैशांतून चार चांगले टायर आणि ब्रेक पॅड आले, उरलेले हप्त्याला गेले. वेगाची हौस असेल तर ती गो-कार्टिंगच्या ट्रॅकवर भागव, हेल्मेट घालून, असं मी सांगितलंय.

टर्बो गाडी घरात असेल तर एवढं पाळा:

• गाडी सुरू केल्याबरोबर जोरात रेस करू नका. अर्धा मिनिट तेल फिरू द्या.

• हायवेवरून जोरात आल्यावर लगेच बंद करू नका. मिनिटभर चालू राहू द्या, म्हणजे तापलेला टर्बो निवतो.

• ऑईल पुस्तकात सांगितलेलंच, आणि वेळेवर.

• आपल्या गावच्या हवेत धूळ आणि सुताचे तंतू फार. एअर फिल्टर वरचेवर तपासून घ्या.

• कोणत्याही बदलाआधी आर. सी., विमा आणि वॉरंटीचे कागद स्वतः वाचा.

घोडे कितीही असोत, लगाम आपल्या हाती असावा.