भिंगऱ्यांच्या जाती कशा ओळखाव्यात?

नांगरट चालू असता किंवा गुरे चरत असता त्यांच्या भोवती झपाट्याने घिरट्या घालणारे, काळ्या-निळ्या पाठीचे लहान पक्षी प्रत्येक शेतकऱ्याच्या परिचयाचे आहेत. सर्वांना सरसकट ‘भिंगरी’ किंवा ‘पाकोळी’ म्हटले जाते. वस्तुतः त्यांत अनेक जाती आहेत. कोणती जात कोठे व केव्हा घरटे करते हे ठाऊक नसल्यामुळे पुलाची डागडुजी किंवा ओसरीची रंगसफेदी करताना पिलांसह घरटी पाडली जातात. हे पक्षी दाण्याला शिवत नाहीत. माश्या, डास, पंख फुटलेली वाळवी, उडता मावा असे कीटक उडता उडता टिपणे हाच त्यांचा आहार होय. म्हणून त्यांची नेमकी ओळख असणे हिताचे आहे.

पक्षी तारेवर बसलेला असता प्रथम गळा, मग डोके, नंतर कंबर व शेवटी शेपूट असा क्रम ठेवून निरीक्षण करावे.

१. माळभिंगरी : कपाळ व गळा तांबूस असून गळ्याखाली छातीवर गडद पट्टा असतो. शेपूट खोल दुभंगलेले असून त्यात पांढऱ्या ठिपक्यांची ओळ दिसते. ही हिवाळी पाहुणी आहे. पावसाळा सरताना तिचे थवे येतात व उन्हाळ्यात परततात. तिची वीण हिमालयात व त्याच्या उत्तरेस होते. महाराष्ट्रात ती घरटे करीत नाही.

२. तारवाली भिंगरी : संपूर्ण टाळू तांबूस, गळा व पोट शुभ्र पांढरे, छातीवर पट्टा नाही. शेपटीतून दोन बारीक तारा निघतात. ती बारमाही असून पाण्याजवळच राहते. मोरीखाली किंवा पुलाखाली चिखलाचे अर्ध्या वाटीसारखे घरटे करते व पुन्हा पुन्हा त्याच जागी येते.

३. लालबुडी भिंगरी : कंबर तांबूस. पोटावर बारीक रेघा. शेपूट खोल दुभंगलेले, पण त्यात पांढरे ठिपके नसतात. हिचे घरटे सुरईसारखे असून त्यास नळीसारखे लांबट तोंड असते. वीण साधारणतः एप्रिल ते सप्टेंबर या काळात होते.

४. रेघाळ गळ्याची भिंगरी : आकाराने लहान. गळ्यावर व छातीवर ठळक रेघा. शेपूट जवळजवळ सरळ कापल्यासारखे. पुलाखाली अनेक घरटी एकमेकांस चिकटवून वसाहत करते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. तारवालीच्या तारा कधी तुटलेल्या असतात आणि कोवळ्या माळभिंगरीचे शेपूट आखूड असते. अशा वेळी शेपटीवर विसंबल्यास फसगत होते. गळा पांढरा की तांबूस, छातीवर पट्टा आहे की नाही, हे पाहिले म्हणजे निर्णय चुकत नाही. घराच्या आढ्याला गवत व पिसे चिकटवून घरटे करणारी, कोयत्यासारख्या पंखांची काळी पाकोळी या कुळातील नव्हे; ती तारेवर कधीही बसत नाही.

किडीचा बंदोबस्त केवळ भिंगऱ्यांवर सोपवता येणार नाही. परंतु त्यांचे साहाय्य फुकटचे आहे. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पूल-मोऱ्यांच्या दुरुस्तीपूर्वी घरटी तपासावीत. घरट्यात अंडी अथवा पिले असल्यास ती उडून जाईपर्यंत काम पुढे ढकलावे. ओसरीत विष्ठा पडत असल्यास घरटे न मोडता त्याखाली एक फळी ठोकावी. तेवढ्याने काम भागते.